पाणी प्यायलेला पास्ता

पास्ता फार शिजला आहे हे घास तोंडात घेण्याआधीच कळते. पातेले चाळणीत उपडे केले की नीट शिजलेल्या पेन्नेच्या नळ्या एकमेकींवर आपटत मोकळ्या पडतात. फार शिजलेल्या नळ्या मात्र आवाज न करता घसरत येतात, एकमेकींना बिलगून बसतात, त्यांच्या तिरप्या कापलेल्या कडा फुगून बोथट झालेल्या असतात आणि काही तर लांबीत उकललेल्या दिसतात. चमच्याने दाबले तर नळी चपटी होते आणि पुन्हा वर येत नाही. अशा वेळी बहुतेक जण एकतर निमूटपणे त्यावर सॉस ओतून तो पचपचीत प्रकार कसाबसा संपवतात, नाहीतर सगळे कचऱ्यात टाकून नव्याने पाणी उकळायला ठेवतात. मला हे दोन्ही मार्ग मनापासून नापसंत आहेत, कारण या पास्त्याचे करण्यासारखे पुष्कळ असते. त्याचे नेमके काय बिघडले आहे हे ठाऊक असावे लागते आणि त्याच्या सोबतीचा सॉस डोळसपणे निवडलेला असावा लागतो. घाईच्या दिवशी हा सॉस बहुधा बरणीतलाच असतो. फार शिजलेला पास्ता आणि सुमार दर्जाचा तयार सॉस या मला एकाच दुखण्याच्या दोन बाजू वाटतात. दोन्हीकडे नको तितके पाणी नको त्या जागी जाऊन बसलेले असते.

वाळवलेला पास्ता म्हणजे ड्युरम नावाच्या कठीण गव्हाचा रवा आणि पाणी, एवढेच. इटलीने १९६७ च्या कायद्याने वाळवून विकल्या जाणाऱ्या पास्त्यासाठी हाच गहू सक्तीचा केला, आणि तिथल्या नियमांप्रमाणे अशा पास्त्यात ओलावा साडेबारा टक्क्यांहून अधिक आणि प्रथिने साडेदहा टक्क्यांहून कमी असून चालत नाहीत. पुढची सगळी गोष्ट या दोन आकड्यांच्या पोटात आहे. रवा मळला जाताना त्यातल्या प्रथिनांपासून ग्लुटेनचे जाळे तयार होते आणि स्टार्चचे बारीक कण त्या जाळ्यात अडकून राहतात. पास्ता उकळत्या पाण्यात पडला की दोन क्रिया एकाच वेळी सुरू होतात. साधारण ६० अंश सेल्सिअसच्या पुढे स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगू लागतात आणि त्याच उष्णतेने ग्लुटेनचे जाळे घट्ट होऊ लागते. जाळे मजबूत असेल आणि पास्ता वेळेत उतरवला असेल, तर कण जाळ्याच्या आतच फुगतात आणि दाताखाली तो हवाहवासा प्रतिकार जाणवतो. वेळ टळली की कण इतके फुगतात की जाळे फाटते, त्यांच्यातले स्टार्च पाझरून पृष्ठभागावर येते आणि पाण्यातही उतरते. आपल्या बोटांना जो चिकटपणा लागतो तो या बाहेर आलेल्या खळीचा असतो.

शंभर ग्रॅम कोरडा पास्ता नीट शिजला की दोनशे ते सव्वादोनशे ग्रॅम भरतो. त्यानंतर तो जितका वेळ पाण्यात राहील तितके त्याचे वजन वाढत जाते, आणि ती सगळी भर पाण्याची असते. पुरती न शिजलेली नळी किंवा शेव मधोमध कापून पाहिली तर तिच्या पोटात पांढरट कणी दिसते. ती पाणी न पोचलेल्या स्टार्चची खूण. प्रयोगशाळांमध्ये पास्त्याचा शिजण्याचा काळ ठरवताना दर थोड्या वेळाने एक तुकडा दोन पारदर्शक पट्ट्यांमध्ये दाबून ही कणी दिसेनाशी कधी होते ते पाहतात. इटालियन स्वयंपाकी ज्याला अल देंते म्हणतात ती अवस्था कणी पुरती नाहीशी होण्याच्या किंचित आधीची. आपला पास्ता ती रेषा ओलांडून पुढे गेलेला असतो आणि तिथून त्याला मागे आणता येत नाही. ही गोष्ट आधी स्वीकारलेली बरी, कारण चुकीचे उपाय बहुतेक वेळा या न स्वीकारण्यातून जन्माला येतात. पास्ता पुन्हा कणीदार होणार नाही. त्याच्या अंगावरची खळ मात्र धुता येते, त्याने प्यायलेल्या पाण्यापैकी थोडे उडवता येते आणि उरलेले स्टार्च गारव्याने घट्ट करता येते. एवढे तीनच उपाय हातात असतात, पण ते योग्य क्रमाने वापरले तर ताटात येणारा पदार्थ तडजोडीचा वाटत नाही.

सगळेच पास्ते सारख्या वेगाने हाताबाहेर जात नाहीत. रिगातोनीसारखा जाड भिंतीचा प्रकार दोन-तीन मिनिटे जास्त राहिला तरी सावरतो, तर केसासारख्या बारीक कापेल्लिनीला शिजायलाच मुळी दोन-तीन मिनिटे लागतात. कोंड्यासकट गव्हाच्या पास्त्यात कोंडा ग्लुटेनचे जाळे जागोजागी तोडतो, आणि तांदळाच्या, मक्याच्या किंवा डाळींच्या ग्लुटेनविरहित पास्त्यात हे जाळे नसतेच, त्यामुळे तो कच्चेपणातून थेट लगद्यात उतरतो. त्याला वाचवण्याची आशा मी फारशी धरत नाही, त्याचे सूप करावे हे उत्तम.

गव्हाचा पास्ता फार शिजल्याचे लक्षात आले की पहिली दोन मिनिटे मोलाची असतात, कारण चाळणीतही तो आतल्या उष्णतेने शिजतच असतो. तो लगेच गार पाण्याखाली धरावा, बर्फाचे पाणी असेल तर अधिक चांगले, आणि हाताने अगदी हलके हलवत वरची खळ निघून जाऊ द्यावी. पास्ता कधीही धुऊ नये, असे प्रत्येक चांगला स्वयंपाकी सांगतो, आणि ते खरेच आहे. नीट शिजलेल्या पास्त्यावरचा स्टार्चचा पातळ थर सॉसला धरून ठेवतो, तो धुऊन टाकणे म्हणजे स्वतःच्या हाताने चव घालवणे. पण हा नियम ज्या पास्त्यासाठी आहे तो पास्ता आता आपल्यापुढे नाही. इथे थर पातळ उरलेला नसतो, आणि तो तसाच ठेवला तर दहा मिनिटांत सगळ्याचा एक गिच्च गोळा होतो. धुताना वरवरचे थोडे मीठही निघून जाते, ते पुढे लक्षात ठेवावे लागते. पास्ता आधीच आळून गोळा झाला असेल तर तो चमच्याने ओढून तोडू नये. चाळणीसकट क्षणभर कडकडीत पाण्यात बुडवून काढला आणि लगेच गार पाण्याखाली धरला की बराचसा मोकळा होतो.

यानंतरच्या निथळण्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच पडतो. चाळणी दोनदा झटकली म्हणजे पास्ता निथळला असे होत नाही, नळ्यांच्या पोटात पाणी भरलेले असते. स्वच्छ, कोरड्या कापडावर किंवा पसरट ताटात तो एका थरात पसरावा, कापडाच्याच कडेने वरून हलके टिपून घ्यावा आणि थोडे तेल हाताला लावून त्यावर फिरवावे. उकळत्या पाण्यात तेल ओतण्याची सवय पुष्कळांना असते, पण ते तेल पाण्यावर तरंगत राहते आणि पास्त्याला त्याचा काही उपयोग होत नाही. तेलाची खरी वेळ पास्ता पाण्याबाहेर आल्यावरची. जेवायला तासाभराचा अवकाश असेल तर हे ताट तसेच उघडे फ्रिजमध्ये ठेवावे. गार झाल्यावर स्टार्चचे सुटलेले रेणू पुन्हा एकमेकांना धरू लागतात आणि त्याची घडण घट्ट होते. फ्रिजमधली कोरडी हवा पृष्ठभागावरचा ओलावाही ओढून घेते. तासाभराने बाहेर काढलेली नळी बोटांत धरली तर ती आधीसारखी लिबलिबीत लागत नाही, थोडी ताठ लागते. हे ताठपण तात्पुरते असते, पाण्यात किंवा पातळ सॉसमध्ये पडले की ते पुन्हा जाते. म्हणून पुढचे काम कोरड्या उष्णतेवरच व्हायला हवे.

घरातला सर्वांत पसरट पॅन घ्यावा, मध्यम आचेवर चांगला तापू द्यावा, त्यात ऑलिव्ह तेल आणि हवे तर थोडे लोणी घालावे, आणि लोण्याचा फेस बसला की पास्ता एका थरात सोडावा. थरावर थर आला की खालचा पास्ता परतला न जाता वाफेत शिजतो आणि सगळे मुसळ केरात जाते. त्यापेक्षा दोन खेपांत परतावे. पहिल्यांदा जोरात चरचर होते, ती पाण्याची. मिनिटा-दोन मिनिटांत तिचा आवाज उतरतो आणि बारीक तडतड ऐकू येऊ लागते, म्हणजे वरचे पाणी उडाले आणि आता तेल थेट पास्त्याशी बोलू लागले. या वेळेपर्यंत उलथने लावायचा मोह आवरायला हवा, कारण आधीच मऊ झालेला पास्ता ढवळल्याने तुटतो. कडा पिवळ्यावरून सोनेरी होऊ लागल्या, नळ्या पॅनला धक्का दिल्यावर आपणहून सरकू लागल्या की मग उलटाव्यात. पाच ते सात मिनिटांत बाहेरून पातळ कुरकुरीत पापुद्रा येतो आणि आतला मऊपणा त्याच्या आडोशाने सुसह्य होतो, किंबहुना चांगलाच लागतो. त्या सोनेरी रंगाबरोबर भाजल्याचा वास येतो. प्रथिने आणि साखर यांची कोरड्या उष्णतेत होणारी ही क्रिया उकळत्या पाण्यात कधीच घडत नाही. फुसिलीच्या पिळांवर आणि फार्फालेच्या चुण्यांवर हा रंग विशेष सुंदर चढतो, कारण त्यांना कडा भरपूर असतात. स्पगेटीला मात्र या पद्धतीने मोकळे ठेवणे अवघड जाते.

लांब शेवांसाठी नेपल्सच्या घरांनी फार पूर्वी तोड काढून ठेवली आहे. उरलेली स्पगेटी किंवा मॅकरोनी फेटलेल्या अंड्यांत कालवून, किसलेले चीज घालून, पॅनमध्ये जाड थरात दोन्हीकडून भाजायची. ही फ्रिटाटा गार झाली तरी चांगली लागते, वड्या पाडून सहलीला नेता येते, आणि नेपल्सची माणसे ती हौसेने नेतात. फार शिजलेल्या पास्त्याचा जो चिकटपणा इतरत्र वैरी ठरतो तोच इथे अंड्याबरोबर मिळून सगळे बांधून ठेवतो. अडीचशे ग्रॅम शिजलेल्या पास्त्याला चार अंडी पुरतात. आच मंद ठेवावी, एका बाजूला सात-आठ मिनिटे द्यावीत, ताटली झाकून उलटी करावी आणि अलगद परत पॅनमध्ये सरकवावी. पास्ता याहीपुढे जाऊन तुटू लागला असेल, तर बारीक चिरून चीज, अंडे आणि पावाच्या चुऱ्यात मिसळून त्याच्या टिकिया तळाव्यात, किंवा भाज्यांच्या अथवा घेवड्याच्या दाण्यांच्या सूपमध्ये अगदी शेवटी सोडावा. तिथे तो सूपला दाटपणा देतो आणि त्याच्या मऊपणाबद्दल कोणी तक्रार करत नाही.

ओव्हनमध्ये भाजण्याचा सल्ला मात्र मी जपून देते. भाजण्यासाठी पास्ता नेहमीपेक्षा कच्चाच उतरवायचा असतो, कारण ओव्हनमध्ये तो सॉसमधले पाणी पिऊन आणखी शिजतो. फार शिजलेला पास्ता खोल भांड्यात भरपूर सॉसबरोबर भाजला तर वर कवच आणि खाली चिखल, असे होते. करायचेच असेल तर उथळ भांडे, पातळ थर, सॉस कमी, वर चीज आणि पावाचा चुरा, आणि आच २२० अंशांच्या आसपास, म्हणजे पंधरा-वीस मिनिटांत वरचा भाग लालसर होतो आणि आतल्याला आणखी शिजायला वेळ मिळत नाही.

सॉसकडे वळताना एक गोष्ट आधी सांगायला हवी. बरणीतला सॉस वापरणाऱ्याकडे तुच्छतेने पाहणे मला मुळीच पटत नाही. दिवसभर राबून आलेल्या माणसाने टोमॅटो सोलून, बिया काढून, पाऊण तास ढवळत उभे राहावे अशी अपेक्षा ठेवणारे स्वयंपाकाचे प्रेम मला कोरडे वाटते. काचेत बंद करून अन्न टिकवण्याची विद्याही मोठ्या कष्टाने हाती आलेली आहे. फ्रान्सच्या निकोला आपेर याने काचेच्या बाटल्यांत अन्न भरून, बुचे घट्ट बसवून त्या उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत शोधली, आणि १८१० मध्ये तिथल्या सरकारने त्याला त्यासाठी १२,००० फ्रँक दिले. असे अन्न का टिकते याचे शास्त्रीय उत्तर मिळायला त्यानंतर अर्धशतक लागले. त्यामुळे बरणी मला अभिमानाने वापरण्याची वस्तू वाटते. मात्र ती निवडताना तिच्या पुढच्या बाजूवरचे चित्र पाहून भुलू नये.

काचेचा एक मोठा फायदा आहे, आतले दिसते. बरणी हातात घेऊन आधी झाकणाचा मधला भाग दाबून पाहावा, तो टक् असा आवाज करत खालीवर झाला तर आतली निर्वात स्थिती गेलेली असते आणि ती बरणी घेऊ नये. मग बरणी सावकाश आडवी करावी आणि तितक्याच सावकाश सरळ करावी. चांगला सॉस काचेला धरून राहतो आणि खाली येताना सलग न येता तुटक, ओबडधोबड सरकतो. त्यात गराचे तुकडे, एखादी बी, तेलाचे बारीक थेंब दिसतात. पाणचट सॉसमध्ये वरच्या कडेला पिवळसर पाण्याची रेघ वेगळी झालेली असते. याउलट काही सॉस काचेवरून एकसारखे, गुळगुळीत, जेलीसारखे घसरतात, आणि ते पाहून दाट असल्याचा भास होतो. तो दाटपणा बहुधा स्टार्चचा किंवा झँथन गमसारख्या डिंकाचा असतो. अशा सॉसबद्दल माझे मत अगदी स्पष्ट आहे. फार शिजलेल्या पास्त्यावर आधीच खळीचा थर असताना वरून आणखी खळ ओतण्यात काही अर्थ नाही, आणि असा सॉस आटवायला गेले तर तो दाट होण्याऐवजी गोंदासारखा चिकट होऊन पॅनच्या तळाला लागतो.

शंका उरली तर बरणीची मागची बाजू वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, त्यामुळे पहिले दोन शब्दच बरेच काही सांगून जातात. पहिला घटक अख्खे, चिरलेले किंवा ठेचलेले टोमॅटो असेल तर ताज्या गरापासून काम सुरू झाले आहे. पाणी आणि टोमॅटो पेस्ट असे लिहिलेले असेल तर हंगामात आटवून ठेवलेल्या पेस्टमध्ये पाणी घालून सॉस उभा केला आहे. पेस्ट वाईट नसते, तिची चव खोल आणि गोडसर असते, थोडी असली तर सॉसला अंगही येते. पण सगळा सॉसच तिच्यावर बेतला असेल तर ताज्या टोमॅटोचा वास दोनदा शिजण्यात निघून गेलेला असतो, आणि आपण पाण्याचे पैसे मोजतो. इटलीने २००५ मध्ये नियम करून पासाता हे नाव फक्त ताज्या टोमॅटोपासून थेट केलेल्या रसालाच लावता येईल, पेस्टमध्ये पाणी घालून केलेल्याला नाही, असे ठरवले ते या कारणाने. सान मार्झानो या टोमॅटोच्या नावालाही १९९६ पासून युरोपात संरक्षण आहे. त्या जातीसारखा, त्या पद्धतीचा असे मोघम शब्द बरणीवर असतील तर मात्र त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

सायट्रिक ॲसिड पाहून घाबरून बरणी परत ठेवणारे पुष्कळ असतात, त्यांना सांगावेसे वाटते की ते तिथे आपल्या भल्यासाठीच आहे. बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू ४.६ पेक्षा कमी पीएच असलेल्या अन्नात वाढू शकत नाहीत (पीएच हे आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितके अन्न आंबट), आणि टोमॅटोची आम्लता नेमकी या उंबरठ्याच्या आसपास फिरते. म्हणून थोडे आम्ल घालून खात्री केली जाते. कॅल्शियम क्लोराइड हा दुसरा बदनाम घटक. तो टोमॅटोच्या फोडींना आकार देणाऱ्या पेक्टिन या घटकाला धरून ठेवतो आणि फोडी विरघळू देत नाही. एरवी मलाही असा सॉस फारसा आवडत नाही, कारण तो कितीही शिजवला तरी एकजीव होत नाही. पास्ता मऊ पडलेला असेल त्या दिवशी मात्र दाताला लागणाऱ्या या फोडी मोठा आधार देतात.

तेलाच्या बाबतीत पुढच्या लेबलवर ऑलिव्हची फांदी असते आणि मागे सूर्यफुलाचे किंवा सोयाबीनचे तेल आधी, ऑलिव्ह तेल नंतर, असे बरेचदा आढळते. पेस्तोच्या, म्हणजे बेझिलची पाने वाटून केलेल्या हिरव्या सॉसच्या बरण्यांत तर हे सर्रास चालते. जेनोवाच्या पेस्तोत ऑलिव्ह तेल आणि पाइनचे दाणे असायला हवेत, त्यांच्या जागी सूर्यफुलाचे तेल आणि काजू येतात, कधी बटाट्याचा चुराही. तेल कोणते यापेक्षा ते आहे की नाही हे मी आधी पाहते, कारण टोमॅटोच्या आणि लसणाच्या वासाचे पुष्कळसे घटक तेलात विरघळतात आणि तेल नसलेला सॉस कितीही चांगल्या टोमॅटोचा असला तरी सपक लागतो.

साखरेचा आकडा वाचताना थोडा विचार करावा लागतो. ताज्या टोमॅटोत १०० ग्रॅममागे अडीच-तीन ग्रॅम साखर मुळातच असते आणि आटवल्यावर ते प्रमाण चढते. त्यामुळे चार-पाच ग्रॅम दिसले तर बिचकू नये. घटकांमध्ये साखर वेगळी लिहिलेली असेल, तीही कांद्याच्या आधी, तर मात्र बरणी जागेवर ठेवावी. फार शिजलेला पास्ता स्वतःच गुळमट लागतो, त्याला आंबटपणाची आणि तिखटाची गरज असते, गोड सॉस त्याला आणखी बुडवतो. मिठाबद्दल मी याहून कडक आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाने दिवसाला २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावे असे सांगते, आणि काही सॉसच्या अर्ध्या कपातच त्यातला पाव हिस्सा संपतो. आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका वाढणीचे, हे पाहिल्याशिवाय दोन बरण्यांची तुलना करू नये. माझी मर्यादा १०० ग्रॅममागे ४०० मिलिग्रॅम सोडियमची, आणि तिच्यामागे तब्येतीइतकेच स्वयंपाकाचेही कारण आहे. हा सॉस आपण आटवणार आहोत. पाणी उडून जाते, मीठ तिथेच राहते. बरणीत बरोबर वाटलेला खारटपणा दहा मिनिटांनी तोंड आवळायला लावतो. कमी मिठाच्या बरणीत मीठ घालता येते, जास्त मिठाच्या बरणीतून काढता येत नाही.

मऊ पास्त्यासाठी कोणता प्रकार घ्यावा असे विचारले तर ऑलिव्ह, केपर (खारवलेल्या कळ्या) आणि अँचोव्ही (खारवलेले छोटे मासे) असलेला टोमॅटोचा पुत्तानेस्का मी सर्वांत वर ठेवते. त्यात आंबट, खारट, कडवट असे सगळे असते आणि चावायला तुकडेही असतात. त्याच्या खालोखाल मिरचीचा आराबियाता. टोमॅटोचा साधा मारिनाराही चालतो, पण त्याला लसूण, मिरी आणि थोडी मिरची वरून द्यावी लागते. पेस्तोत फारसे पाणी नसल्यामुळे तो परतलेल्या पास्त्याला छान बसतो, फक्त तो आचेवर घालू नये. आल्फ्रेडो आणि इतर साईचे सॉस मात्र त्या दिवशी बाजूलाच ठेवावेत, मऊवर मऊ असे होऊन पहिल्या चार घासांतच कंटाळा येतो.

बरणी उघडून थेट पास्त्यावर ओतणे हा चांगल्या सॉसवरही अन्याय आहे. छोट्या पॅनमध्ये दोन चमचे ऑलिव्ह तेल, ठेचलेल्या लसणाच्या दोन पाकळ्या, त्या जेमतेम रंग बदलू लागल्या की सॉस. मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटे उघडा शिजवावा. तळावरून चमचा ओढला की पडलेली वाट लगेच भरून न येता क्षणभर तशीच राहिली आणि कडेने तेल सुटू लागले, की सॉस झाला. एरवी याच वेळी पास्त्याचे राखून ठेवलेले पाणी घालतात, आज ते अजिबात घालू नये. चव फारच आंबट वाटली तर चिमटीच्या टोकावर मावेल इतकाच खाण्याचा सोडा घालावा, तो आम्लाला उतार देतो. साखरेने आंबटपणा कमी होत नाही, नुसता झाकला जातो. मीठ सगळ्यात शेवटी, आणि पास्ता धुताना गेलेल्या मिठाचा हिशेब धरून घालावे. उरलेला सॉस झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवावा आणि बरणीवर लिहिलेल्या मुदतीत संपवावा, नाहीतर दुसऱ्या डब्यात काढून गोठवावा. काचेची भरलेली बरणी फ्रीझरमध्ये ठेवू नये, ती तडकते.

पावाचा चुरा ऑलिव्ह तेलात तपकिरी होईपर्यंत परतून पास्त्यावर घालण्याची दक्षिण इटलीतली जुनी रीत आहे, चीज परवडत नसे त्या घरांमधली. फार शिजलेल्या पास्त्यावर मी तो चीज असतानाही घालते, कारण पास्त्याने गमावलेला कुरकुरीतपणा त्याच्याइतका दुसऱ्या कशानेही भरून निघत नाही. वाढताना परतलेला पास्ता सॉसमध्ये कालवू नये. गरम ताटलीत आधी आटवलेला सॉस पसरावा, त्यावर पास्ता, त्यावर चुरा आणि किसलेले चीज, आणि ढवळायचे काम खाणाऱ्यावर सोडावे. कुरकुरीत कडा सॉसच्या ओलाव्यात फार तर पाच-सहा मिनिटे टिकतात, म्हणून सगळे जेवायला बसल्यावरच पॅनमधून पास्ता काढावा, आणि दुसरी खेप परतायची असेल तर पहिली खाऊन होईपर्यंत ती चुलीवर चढवू नये.